चार पानं विद्यापीठांची, दोन ओळी ओढ्याच्या

‘ताई, मी पुण्यात टीवायला आहे, विषय भूगोल. पदवी झाली की परदेशात शाश्वत विकास आणि लोकविकास यांत मास्टर्स करायचं आहे. नेदरलँड्स, जर्मनी, डेन्मार्क, इंग्लंड अशी यादी तयार आहे. कन्सल्टंट म्हणतात, याच वर्षी अर्ज कर, गॅप पडला तर प्रोफाइल खराब होतं. सगळा खर्च ३५ लाखांपर्यंत जातो. बाबा पतसंस्थेत क्लार्क आहेत, आई पोळीभाजीच्या ऑर्डरी घेते. सासवडजवळ आमची दोन गुंठे जागा आहे, ती तारण ठेवायला बाबा तयार आहेत, पण हल्ली ते रात्री नीट झोपत नाहीत. मामा म्हणतो, गावाचा विकास शिकायला गोऱ्यांच्या देशात कशाला जायचं? सुट्टीत कोस्टारिकाला सहा आठवड्यांचा एक कार्यक्रम आहे, साडेतीन लाखांचा. तो केला तर प्रवेश सोपा होईल असं सांगतात. आम्ही अरण्येश्वरजवळ राहतो. २०१९ साली ओढ्याचं पाणी आमच्या घरात शिरलं होतं, तेव्हापासून हे शिकायचं डोक्यात आहे. मी काय करू?
– ओढ्याकाठची’

प्रिय ओढ्याकाठची,

जागेअभावी तुझं पत्र मी आखडून दिलं आहे. मूळ पत्र चार पानांचं. त्यात जवळजवळ सगळी विद्यापीठंच आहेत: कुठलं कितव्या क्रमांकावर, कुठे आयईएलटीएसला साडेसहा चालतात, कुठे सात लागतात, कुठली फी किती. ओढा येतो तो अगदी शेवटी, दोन ओळींत. डॉक्टरांकडे गेलेला माणूस सर्दीखोकल्याचं सगळं सांगतो आणि उठून दाराशी गेल्यावर म्हणतो, ‘छातीतही थोडं दुखतं हो’, तसा. त्या दोन ओळी मी तीनदा वाचल्या. माझं सगळं उत्तर त्यांनाच आहे.

२५ सप्टेंबर २०१९ ची ती रात्र मलाही आठवते. कात्रजच्या बाजूला पडलेला पाऊस आंबील ओढ्यातून बघता बघता दांडेकर पुलापर्यंत आला. सोसायट्यांच्या सीमाभिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या, पुणे आणि आसपास मिळून वीसहून जास्त माणसं गेली. तू तेव्हा आठवी-नववीत असशील. त्या वयाच्या मुलीला त्या रात्रीतून एखादा विषय सापडला आणि तो टीवायपर्यंत तिने सोडला नाही, हे मला फार मोठं वाटतं. तुला मात्र ते प्रवेशअर्जाच्या शेवटच्या परिच्छेदात टाकायची गोष्ट वाटतेय.

आधी सरळ उत्तर देते, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. परदेशात शिकायला जा. जरूर जा. पण यंदा नको, ३५ लाखांच्या कर्जावर नको, आणि रिकाम्या हातांनी तर मुळीच नको. ओढा बरोबर घेऊन जा.

आता मामांचा प्रश्न. तो झटकून टाकू नकोस. माझ्या सासऱ्यांनी हाच प्रश्न मला विचारला होता, १९९६ साली, मी नेदरलँड्सला निघाले तेव्हा. त्याआधी तीन वर्षं मी पुरंदर तालुक्यात पाणलोटाच्या कामात होते. एका गावात आम्ही लोकांकडून गावाचा नकाशा काढून घेत होतो. पुरुषांनी मारुतीच्या देवळासमोर काठीने मातीत काढला: आधी देऊळ, मग चावडी, मग रस्ता, मग ज्याचा त्याचा बांध. नंतर बायकांना म्हटलं, तुम्ही काढा. त्या आपल्या आपल्या एका अंगणात बसल्या, रांगोळी, राख आणि हळद घेऊन. त्यांनी आधी विहीर काढली. गावातली नव्हे, गावाबाहेरची, पाऊण तासावरची. परातीएवढी विहीर आणि तिच्या कडेला पुरीएवढं गाव. मी विचारलं, ‘एवढी मोठी?’ त्यातली एक म्हातारी म्हणाली, ‘उन्हाळ्यात दीस तिथंच जातो की. मग मोठी नको व्हय?’

वर्षभराने तिकडच्या वर्गात शिक्षकांनी पडद्यावर एक चित्र दाखवलं. भारतातल्या कुठल्याशा खेड्यातल्या बायकांनी जमिनीवर काढलेला नकाशा. वर्गात चर्चा सुरू झाली की प्रमाण चुकलंय, एक वस्तू फारच मोठी आलीय. मी हात वर केला आणि त्या म्हातारीचं वाक्य जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. वर्ग गप्प झाला.

पण हे तुला सांगतेय ते माझ्या हात वर करण्यासाठी नाही. लोकांकडून नकाशे, लोकांकडून मोजणी ही जी पद्धत आज जगभर शिकवतात, ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस बरीचशी आपल्याकडेच घडली. कर्नाटकात मायराडा, गुजरातेत आगाखान ग्रामीण विकास संस्था अशा मंडळींनी ती खेड्यांत करून पाहिली आणि इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या रॉबर्ट चेंबर्स यांनी ती लिहून जगभर नेली. म्हणजे मामा अर्धे बरोबर आहेत, ते ज्ञान आपल्या अंगणातलंच होतं. उरलेलं अर्धं मला त्या वर्गात कळलं. तिथे या पद्धतीची चिरफाड करणारे लोकही होते. ते विचारत, नकाशा काढायला कोण येऊ शकतं? ज्याला दुपारी वेळ आहे तो. त्या दुपारी मजुरीला गेलेली बाई कुठे आहे तुमच्या नकाशात? मी मनातल्या मनात ते अंगण पुन्हा पाहिलं. आमच्या नकाशात गावाच्या कडेची भूमिहीनांची आठ-दहा घरं होती, पण ती काढली होती दुसऱ्यांनी. त्या घरांतलं कोणीच त्या दुपारी तिथे नव्हतं. तीन वर्षं त्या गावात राबून मला हे दिसलं नव्हतं, कारण मी त्या कामात रमले होते.

आणखी एक प्रसंग सांगते, कारण तुझ्या ओढ्याशी त्याचा थेट संबंध आहे. तिकडे एका लहान गावात जलमंडळाची सभा पाहायला आम्हाला नेलं होतं. पाण्याचा कारभार पाहणारी ही जलमंडळं फार जुनी, काहींची मुळं तेराव्या शतकात जातात. आज अशी २१ मंडळं आहेत. त्यांची स्वतंत्र निवडणूक होते आणि ती स्वतःचा कर गोळा करतात. संध्याकाळची साडेसातची वेळ, वीसेक माणसं, प्रत्येकाला एक कप कॉफी आणि एक बिस्किट. वाद कशाचा? चरांमधली पाण्याची पातळी उन्हाळ्यात १० सेंटीमीटर वर ठेवायची की खाली. दुधाचा धंदा करणाऱ्या शेतकऱ्यांना पाणी खाली हवं, नाहीतर गुरांचे पाय आणि ट्रॅक्टरची चाकं रुततात. निसर्ग राखणाऱ्यांना वर हवं, कारण तिथली दलदलीची माती सुकली की जमीन खचते. शेजारी बसलेली माझी वर्गमैत्रीण हळूच भाषांतर करून सांगत होती. दहा सेंटीमीटरवर अडीच तास चर्चा झाली. कोणी आवाज चढवला नाही असं नाही. पण प्रत्येकाच्या हातात आधी वाटलेला कागद होता, मागच्या सभेचं इतिवृत्त होतं, आणि ठरेल ते करायला त्यांच्याच कराचा पैसा होता.

त्या सभेत बसून मला आपल्या पुरंदरमधल्या नायगावची पाणी पंचायत पहिल्यांदा नीट कळली. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी ती उभी केली. पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. कामाच्या खर्चात लोकांचाही हिस्सा. हे नियम मी शंभरदा ऐकले होते आणि ‘हो, चांगलंच आहे’ म्हणून पुढे गेले होते. ज्या जलमंडळाची जग वाखाणणी करतं तो कित्येक शतकं मुख्यतः जमीनवाल्यांचा कारभार होता, आणि आपल्याकडे सासवडच्या पलीकडे एका माणसाने १९७० च्या दशकात भूमिहीनाला पाण्याचा वाटेकरी केलं, हे कळायला मला तिकडच्या त्या खुर्चीत बसावं लागलं. मामांना हे सांगून बघ. त्यांना पटेल असं वाटतं.

आता तुझा ओढा. नेदरलँड्समध्ये १९९३ आणि १९९५ साली नद्यांना मोठे पूर आले. १९९५ मध्ये सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडून हलावं लागलं. तोपर्यंतचा त्यांचा उपाय म्हणजे बांध आणखी उंच करणं. त्यानंतर त्यांनी उलटा विचार केला: नदीला जागा द्यायची. तीसहून जास्त ठिकाणी बांध मागे सरकवले, पूरमैदानं खोल केली. नाइमेखन शहरासमोर बांध ३५० मीटर आत घेतला, त्यासाठी पन्नासेक घरं पाडावी लागली. ओव्हरडीप नावाच्या खोलगट भागातल्या शेतकऱ्यांनी तर सरकार यायच्या आधी स्वतःच योजना मांडली, की पाणी इथे येऊ दे, आम्ही मातीचे उंचवटे करून त्यावर गोठे आणि घरं बांधतो. काही कुटुंबं मोबदला घेऊन दुसरीकडे गेली, बाकीची उंचवट्यांवर राहिली.

आणि आपल्याकडे? ओढ्याकाठी भिंती. २०२१ च्या जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत घरं पाडायला सुरुवात झाली, माणसं रस्त्यावर बसली, प्रकरण न्यायालयात गेलं. तुझ्या घरापासून हे किती लांब आहे? ओढ्याला जागा द्यायला हवी हे मला मान्य आहे. पण त्या जागेत आज जी माणसं राहतात त्यांच्याशी कोणी, केव्हा, काय बोलायचं? नाइमेखनच्या त्या पन्नास घरांशी किती वर्षं बोलणी चालली, मोबदला कसा ठरला, कोण नाराज राहिलं? हा तुझा प्रश्न आहे, ओढ्याकाठची. या प्रश्नाला पत्ता आहे, पिनकोडसकट. ‘मला शाश्वत विकासात रस आहे’ असं हजारो मुलं अर्जात लिहितात. ‘माझ्या घरामागच्या ओढ्याला जागा द्यायची तर ओढ्याकाठच्या घरांचं काय, हे शिकायला मी येतेय’ असं लिहिणारी तू एकटीच असशील. आणि मुख्य म्हणजे ते खरं असेल.

पैशाचं बोलते, आणि इथे जरा कडक बोलणार आहे. ३५ लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी धरलं तर दहा वर्षांच्या फेडीला महिना ४७ हजारांच्या आसपास हप्ता बसतो, पंधरा वर्षांच्या फेडीला ३९ हजारांच्या आसपास. शिकत असतानाचं व्याज चढतं ते वेगळंच. तुला ज्या कामासाठी शिकायचं आहे, त्या कामात पुण्यातल्या संस्थेत सुरुवातीला २५-३० हजार मिळतात. हप्ता पगारापेक्षा मोठा. मग काय होतं ते मी पाहिलं आहे. माझ्याबरोबर काम केलेली एक मुलगी अशीच कर्ज काढून गेली. उत्तम शिकली. आज ती एका कंपनीच्या पर्यावरण अहवालांचं काम करते. काम प्रामाणिक आहे, तिला कोणी नावं ठेवू नयेत. पण दिवाळीत भेटली की ती वेल्ह्याकडच्या एकेका गावाची चौकशी करते, नावानिशी, आणि मला उत्तर देताना जड जातं. कर्ज फिटेपर्यंत ती परत येऊ शकत नाही. सासवडची जागा तारण ठेवू नकोस. बाबांची झोप उडाली आहे हे तू स्वतःच लिहिलं आहेस.

मग जायचं कसं? शिष्यवृत्तीवर. आणि इथेच तुझ्या कन्सल्टंटचा ‘गॅप’ उलटा पडतो. ब्रिटनच्या चिव्हनिंगला अर्ज करायचा तर पदवीनंतरचा दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अटही त्यात आहे, ती तुला जाचक वाटू नये. जर्मनीच्या डाड या विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या संस्थेची विकासाशी निगडित अभ्यासक्रमांसाठीची शिष्यवृत्ती असते, तिलाही किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. युरोपियन युनियनच्या इरॅस्मस मुंडसला अशी सरसकट अट नाही. ती मिळाली तर फी माफ, महिना १,४०० युरो, आणि किमान दोन देशांत शिकायला मिळतं. पण तिथेही तुझी गाठ काम करून आलेल्या मुलांशी पडणार. तू कुठल्या प्रवर्गात बसतेस ते पत्रात नाही. बसत असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती, दोन्हींचे नियम आजच काढून वाच. केंद्राच्या योजनेत भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांनाही जागा आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. थोडी रक्कम कमी पडली तर जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, १८९२ पासून चालत आलेली.

म्हणजे ज्याला कन्सल्टंट गॅप म्हणतात, त्याला शिष्यवृत्ती देणारे अनुभव म्हणतात. कन्सल्टंट वाईट माणसं असतात असं मी म्हणत नाही, पण बऱ्याच ठिकाणी त्यांना विद्यापीठाकडून प्रवेशामागे पैसे मिळतात, आणि तू दोन वर्षं थांबलीस तर ते मिळत नाहीत. एवढं लक्षात ठेवून त्यांचं ऐक.

देशांच्या यादीबद्दल थोडक्यात. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नाही (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो पडतात). राहण्याखाण्याचे वर्षाचे ११,९०४ युरो आधी ब्लॉक्ड खात्यात (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) दाखवावे लागतात, आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएस प्रमाणपत्र लागतं, आणि त्याला वेळ जातो. नेदरलँड्समध्ये आपल्याला वर्षाला साधारण १५ ते २५ हजार युरो फी पडते, तेव्हा शिष्यवृत्तीशिवाय तिकडे बघूही नकोस. इंग्लंडचं मास्टर्स एका वर्षाचं, त्यामुळे वेळ वाचतो पण शिकलेलं मुरत नाही, असं माझं मत. तीन वर्षांची पदवी काही अभ्यासक्रमांना पुरत नाही. नव्या शैक्षणिक धोरणातलं पदवीचं चौथं वर्ष करायचं की नाही, हे त्यांच्या अटी वाचून ठरव.

भाषा मात्र आजपासून सुरू कर. वर्ग इंग्रजीत असतो, पण जलमंडळाची सभा इंग्रजीत नसते. शेतकरी, नगरपालिकेतला कारकून, वृद्धाश्रमातली आजी इंग्रजीत मन मोकळं करत नाहीत. लोकांमध्ये काम करायला शिकणारीला लोकांची भाषा येत नसेल तर ती दोन वर्षं ग्रंथालयात काढते. माझं डच कामचलाऊच राहिलं, त्याची चुटपुट मला अजून आहे. तू पुण्यात आहेस. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकवतात. कॉलेज सांभाळून होण्यासारखं आहे.

कोस्टारिकाचा कार्यक्रम करू नकोस. देश शिकण्यासारखा आहे यात शंका नाही. तिथे १९९६ साली जंगल तोडून जमिनीचा वापर बदलण्यावर कायद्याने बंदी आली आणि पुढच्या वर्षापासून, जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला इंधनावरच्या करातून पैसे मिळू लागले. पण सहा आठवड्यांत, स्पॅनिश न येता, तुला तिथे शाळेची भिंत रंगवायला मिळेल. ती भिंत तिथल्या गवंड्याने चांगली रंगवली असती आणि त्याला मजुरीही मिळाली असती. असल्या कुठल्याही कार्यक्रमाला एकच गोष्ट विचारायची: तुम्हाला त्या गावाने बोलावलंय का, आणि आम्ही गेल्यावर तिथे काय उरतं? उत्तर गुळमुळीत आलं तर साडेतीन लाख तुझ्याकडेच राहू देत.

मग ही दोन वर्षं कुठे? पुण्यात राहून हा प्रश्न विचारावा लागू नये, इतक्या संस्था तुझ्या बसच्या पासात आहेत. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली इथेच उभी राहिली, कचरावेचकांची संघटना. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. त्यांच्याबरोबर महिनाभर सकाळच्या फेरीला जा. एका मावशींबरोबर ढकलगाडीमागे चालत जिने चढ. कुठल्या घरातून ओला-सुका वेगळा मिळतो, कुठल्या घरातून डायपर तसेच हातात येतात, पुठ्ठ्याचा भाव पडला की त्या महिन्यात घरी काय कमी येतं, हे बघ. ‘चक्राकार अर्थव्यवस्था’ हा शब्द तिकडे तुझ्या कानावर रोज पडेल, तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर ती ढकलगाडी यायला हवी. खेड्याकडे ओढा असेल तर वारज्याला बाएफ आहे, मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला १९६७ साली सुरू केलेली संस्था. पाणलोटाच्या कामात वॉटर (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था इथेच आहे. आणि मास्टर्स भारतातच करावंसं वाटलं तर तुळजापूरला टिसचं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं) केंद्र आहे, डेक्कनला गोखले इन्स्टिट्यूट. तो दुय्यम पर्याय समजू नकोस. मी तुझ्या जागी असते तर तुळजापूरचा अर्ज पहिला भरला असता.

पण या सगळ्याच्या आधी, या पावसाळ्याआधी, एक काम तुला एकटीला करता येईल. पुराच्या खुणा मोज. नदी-ओढ्याला दोन रेषा असतात हे भूगोलात शिकली असशील: पंचवीस वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची लाल. या रेषा नकाशावर आखलेल्या असतात. पाणी प्रत्यक्षात कुठवर आलं हे लोकांच्या भिंतींना ठाऊक असतं. पानशेतच्या पुराच्या, १२ जुलै १९६१ च्या खुणा पेठांमधल्या जुन्या भिंतींवर आजही दाखवणारी माणसं आहेत. २०१९ च्या खुणा मात्र पुसल्या जातायत, कारण लोकांनी रंग दिले, फरशा बदलल्या, भाडेकरू बदलले. दोन-चार वर्षांत सांगणारं कोणी उरणार नाही.

मोजायचा टेप घे, वही घे. तुमच्या सोसायटीपासून सुरुवात कर, मग ओढ्याच्या दोन्ही काठांनी चाळीस घरं. जमिनीपासून किती उंच, किती वाजता आलं, कुठल्या बाजूने आलं, सीमाभिंत आधी पडली की पाणी आधी चढलं, कोणी कोणाला उठवलं. वस्तीतल्या घरांत दुपारी जाऊ नकोस, बायका कामावर असतात. संध्याकाळी सातनंतर जा. माझ्या नकाशात जी चूक झाली ती तुझ्यात नको. ज्येष्ठ नागरिकांना हेही विचार, की त्यांच्या लहानपणी ओढा कुठून वाहायचा. कात्रजचा तलाव पेशव्यांनी बांधला, नळ घालून शहरात पाणी आणलं, हा ओढाही त्यांनी वळवून घेतला. त्याच्या जुन्या वाटेच्या गोष्टी अजून काहींच्या तोंडी आहेत. हे सगळं मराठीत, त्यांच्याच शब्दांत लिही. भाषांतर नंतर होईल.

आणि पहिल्या दिवशी बाबांना बरोबर घेऊन जा. त्या रात्री तुमच्या घरात पाण्यात कोण उभं होतं, शेजारच्या म्हाताऱ्यांना वर कोणी नेलं, हे तू लिहिलेलं नाहीस, पण मला अंदाज आहे. तारण, हप्ता, व्याज हेच विषय तुमच्या घरात गेले काही महिने चालू असतील. टेपचं एक टोक त्यांच्या हातात दे आणि विचार, पाणी कुठवर आलं होतं.

तुझी,
ताई